मरळीचं डोकं

बसा पाव्हणं, टेका भिंतीला. लाईट काही इतक्यात यायची नाही. कंदील जरा बारीक करतो, काच काळी पडतीय.

मघाशी विचारलंत ना, सगळा जन्म नदीकाठी काढला, कधी काही दिसलं का? दिसलं म्हणण्यासारखं एकदाच. तेही भर दुपारी, मासा आणायला गेलो होतो तेव्हा.

ब्याण्णव सालचा उन्हाळा. माझी लेक सीमा पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली. सुखरूप सुटली, पण दूध उतरेना. पोर आधी रडायचं, मग रडायचंही थांबलं. रडणं बरं हो, ते गप पडून राहणं बघवत नाही. पावडरचं दूध त्याच्या पोटात ठरेना. माझी बायको साळूबाई चुलीपाशी बसून म्हणाली, "मरळ आना कुठूनबी. रस्सा पाजते लेकीला. दुसरं काय न्हाई आता आपल्या हातात."

आम्ही भिल्ल. कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठावर आमची वस्ती. डोह आटला की बाकीचे मासे मरतात, मरळ मरत नाही. गाळात खोल शिरून बसते. वर मातीची खपली धरते, अन् त्या खपलीला बोटभर भोक ठेवून मरळ श्वास घेते. त्या भोकाला आम्ही नाक म्हणतो. नाकाशी उभं राहायचं, आपली सावली त्यावर पडू द्यायची नाही. बुडबुडा फुटला की अणी लावलेला बांबू सरळ खाली.

हे मला कारभारीमामानं शिकवलं, माझ्या आईच्या भावानं. "भेगा पडल्यात तिथंच पाय टाक," तो सांगायचा. "भेग म्हंजी खालपतुर वाळलंय. गुळगुळीत दिसलं की लांब ऱ्हा, तिथं गाळ जित्ता आसतो. आन ज्यानं नाक दावलं, मरळीचं डोकं त्याचं." डोक्याचा हा वाटा आमच्यात कुणी चुकवत नसे. मामा पुढं वस्तीखालच्या डोहातच गाळात गेला. एकटा उतरला होता, कमरेचा दोर काठावरून धरायला कुणी नव्हतं. लोकांनी लई शोधलं, अंग हाती लागलं नाही.

तर त्या साली चैत्रात नदीला लोंढा आला. चैत्रात! माझ्या बापानंही असलं पाहिलं नव्हतं. आला तसा ओसरला, अन् मागून ऊन असं पडलं की आठवड्यात डोह वर भेगाळून गेला. मला बरंच वाटलं. भेगा आहेत, म्हणजे वाट आहे.

दोर धरायला साळूचा भाऊ होता, कानिफनाथ.

"दाजी, गाठ नीट मारा. बुडलात तर आक्का माझी मान मुरगाळंल."

"आन तू माझी कोंबडी मारून खाशील."

"ती कवाच खाल्ली, दाजी. आन डोकं माझं, बरं का."

"आधी नाक दाव, मग डोकं माग."

हसतच उतरलो. काठ मागं पडला तसं सगळं शांत होत गेलं. आधी बाभळीवरचे होले घुमायचे थांबले, मग वारा. उसाचं पातंही हलेना. रापलेल्या मातीतून शेवाळाचा गार वास यायला लागला, भरल्या डोहाला असतो तसा.

एक नाक दिसलं. उभा राहिलो. बुडबुडा नाही. पण... श्वास ऐकू येत होता. मरळीचा तुटक फुस्स नव्हे. लांब. आत जाणारा, थांबणारा, बाहेर येणारा. मग ध्यानात आलं, तो एका नाकातून येत नव्हता. डोहाच्या सगळ्या भेगांतून एकदमच येत होता. अन् माझ्या पायाखालची खपली वर येत होती, खाली जात होती... झोपलेल्या लेकराच्या पोटासारखी.

भ्यालो म्हणू का? नाही. देवळात गेल्यावर आपोआप चपला काढतो आपण, तसं काहीतरी झालं. नकळत हात जोडले गेले.

पुढच्या भेगांकडं पाऊल उचललं, तेवढ्यात डाव्या बाजूच्या गुळगुळीत पट्ट्यावर एक ओलं पाऊल उमटलं. कुणी नव्हतं तिथं. मग त्यापुढं दुसरं. डाव्या पायाला करंगळी नव्हती. ऊस तोडताना मामाची करंगळी कोयत्यानं गेली होती.

मी बांबू पुढच्या भेगेत टेकवला. आवाज न करता तो सगळा आत गेला, माझ्या मुठीपर्यंत. लोंढ्यानं नवा गाळ आणून टाकला होता. वर पापुद्रा भाजलेला, खाली सगळं जिवंत. पुढचं पाऊल मी तिथंच टाकणार होतो... मामाच्याच शब्दावर.

"मामा," मी हळूच म्हणालो, "गुळगुळीतावर येऊ?"

पुढचं पाऊल उमटलं. मी त्यावर पाय ठेवला. खाली दगडासारखं घट्ट.

पावलं संपली तिथं नाक होतं, अन् नाकाशेजारी, खपलीवर, हातभर लांबीची मरळ पडलेली. कल्ले हलत होते. अणी मारायची वेळच आली नाही.

काठावर आलो तेव्हा कानिफ पांढरा पडला होता.

"दाजी... तुमी कुनाशी बोलत हुता?"

"का रं?"

"दोर मी धरला हुता. पन पुढनं कुनीतरी ताणत हुतं. तुमी तर हुबं हुता."

रस्सा झाला. सीमा डोळे मिटून तो प्यायली. कानिफनं डोकं मागितलं नाही. दिवस मावळायच्या आत मी ते पळसाच्या पानावर घेऊन डोहाच्या काठाला ठेवून आलो.

पहाटे जाग आली ती पोराच्या घटाघटा पिण्याच्या आवाजानं. साळू पदरात तोंड घालून रडत होती. मी दार उघडलं. उंबऱ्यावर पळसाचं पान होतं, धुतलेलं, रिकामं. नदीकडून अंगणभर ओली पावलं आलेली, डाव्याला करंगळी नसलेली. उंबऱ्यापर्यंत आलेली.

परत गेलेलं एकही नव्हतं.

आता तो डोह नाही. वाळूच्या गाड्यांनी खडकापर्यंत उपसून नेला. पावसाचं तर तुम्ही बघताच, कधीही येतो, कसाही जातो. मरळ बघूनच कितीक वर्षं झाली. वाटा ठेवायचा म्हटलं तर काय ठेवणार?

असं करा पाव्हणं. ही सारवलेली भुई आहे ना, तिच्यावर हात टेकवा. तिथं नाही, इथं, उंबऱ्याच्या आत. दाबू नका.

थांबा जरा...

आता. वर आली ना?