तीन आठवड्यांच्या जांभया

भूगोलाचे सर पहिल्यांदा शिवणकामाच्या दुकानात आले, तेव्हा ती मशीनवर बसली होती. "पँटची कंबर अर्धा इंच सैल करून मिळेल?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि तिने उत्तरादाखल जबडा दुखेल अशी जांभई दिली.

"उद्या येऊ का?"

"नाही नाही… आजच—" आणि दुसरी जांभई.

झोप तर पुरेपूर झाली होती. दोष नव्या गोळीचा होता. उदासीवरची जुनी गोळी मानवली नाही म्हणून डॉक्टरांनी ती हळूहळू बंद करून दुसरी सुरू केली होती. तोंड कोरडं पडेल, जांभया येतील, तीन आठवडे कळ काढा, असंही सांगितलं होतं. कोरड्या तोंडाला पाण्याची बाटली होती. पण जांभयांना बूच कुठलं लावणार?

सर मात्र येत राहिले. एकदा चेन अडकली, एकदा बटण तुटलं. ते बटण कात्रीने कापलेलं होतं. शिवणारीला एवढं कळणार नाही? तिला मनातून गुदगुल्या झाल्या. ती दोरा ओवत असताना सर नद्या वळणं कशी घेतात ते सांगत, आणि ती ऐन वळणावर आ वासे.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सरांचा चेहरा उतरला. "वर्गात रोज चाळीस जांभया बघतो मी. मला कळतं. आता त्रास देणार नाही. ही शेवटची पँट…"

पाणी आणते म्हणून ती आत मावशीकडे धावली. दुकान मावशीचं, सल्लेही तिचेच.

"मावशी, थोडे दिवस गोळी बंद ठेवू?"

"खबरदार! महिनाभर अंथरुणातून उठत नव्हतीस, आता मशीनवर गुणगुणतेस. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही चुकवायची नाही. खरं काय ते सांगून टाक त्याला. पळाला तर निदान बटणं वाचतील."

बाहेर येऊन तिने एका दमात सगळं सांगितलं. आता सर पँट उचलणार आणि कायमचे जाणार…

सरांनी मान वर केली. "म्हणजे… नद्या कंटाळवाण्या नव्हत्या?"

"जांभया गोळीच्या होत्या हो!"

"मग चौथ्या आठवड्यात येतो. उगमापासून पुन्हा सांगतो."

चौथ्या आठवड्यात जांभया खरंच थांबल्या. सर इस्त्रीचा शर्ट घालून, हातात काहीही काम न घेता आले आणि स्टुलावर बसून उगमापासून निघाले. नदी सपाटीला लागायलाच पाऊण तास गेला. मग गाळाचे प्रकार सुरू झाले आणि तिला… जांभई आली. छोटीशी, हाताआड दाबलेली.

सर थबकले. "ही गोळीची नव्हे."

"नाही," ती लाजून म्हणाली. "ही गाळाची."

"मग… निघू मी?"

तिने मशीन बंद केलं आणि खुर्ची त्यांच्या स्टुलाजवळ ओढली. "बसा हो. कंटाळा आला तरी तो मला तुमच्याजवळच यायला हवाय. गाळ संपला की समुद्र येतो ना?"

सरांचे कान लाल झाले. "येतो," ते म्हणाले, "पण फार हळू…"