इसबगोलाची चिठ्ठी

“कागदात काय आहे ते सगळेच पाहतात, बाई. तू काय नाही ते पाहा.”

दादाजींनी सत्यशीलाला हे शिकवलं होतं. चंद्रपूरच्या विमा कचेरीत तिच्याआधी तेच दावे तपासत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. पण १९८४ च्या फाल्गुनात धानोऱ्याच्या दाव्यांचा गठ्ठा सोडताना तो आवाज तिला कानाशी ऐकू आला.

आरामशिनीवर लाकूड कापणाऱ्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना विम्यातून उदासीवरची नवी गोळी मिळत होती. ती गुण देते का, हे मोठे डॉक्टर दाव्यांवरून शोधत होते. चंद्रपूरचे रोगी सावरले होते. धानोऱ्याच्या नवांपैकी एकही नाही. शनिवारी अहवाल गेला की गोळी सगळीकडे बंद होणार होती.

सत्यशीलाने गुरुवारी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले. चंद्रपूरच्या जवळजवळ प्रत्येक गोळीमागे महिनाभरात इसबगोलाची चिठ्ठी टाचलेली होती. धानोऱ्यात एकही नव्हती.

कचेरीच्या खिडकीवर चंद्रपूरच्या आरामशिनीवरचा बाबूभाई आला होता. तोही तीच गोळी घेई. गोळीनं काय होतं, तिने विचारलं.

“पोट धरते, साफच होत नाई, अन् तोंड पार सुकते,” तो म्हणाला. “तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात घोळतच नाई, सुटला. घरवाली त्या गोळीलेच दुवा देऊन राह्यली.”

शुक्रवारी पहिल्या एसटीने ती धानोऱ्याला उतरली.

आरामशिनीवरच्या खुशालची बायको ठमाबाई ओट्यावर बसली होती. तिला दोनदा विहिरीच्या काठावरून ओढून आणलं होतं. नजर कुठेच नव्हती. गालात खर्ऱ्याचा तोबरा होता आणि पायाशी ओली पिचकारी.

“गोळी चुकत असेल,” सत्यशीला म्हणाली.

“मी सोता चारतो जी, तिन्ही टायमाले.” खुशालने बाटली दाखवली. तपकिरी, चकचकीत गोळ्या. “आता बंद होते म्हणते. मंग हिले कशाच्या भरवशावर ठेवू?”

“सांजेच्या आत येते मी. हातात औषध घेऊन.”

ती बोलून गेली आणि मनात चरकली. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील ती रोज पहाटे म्हणत असे.

दवाखान्याच्या पडवीत कमळा नावाची बाई बसली होती, एटापल्लीकडून पायी आलेली. बायकांशी हसत होती आणि घडीघडी लोट्याला तोंड लावत होती. तिच्याकडे विम्याचं कार्ड नव्हतं.

आत कंपाउंडर देवराव होते.

“उदासीची गोळी कोण देतं, देवरावभाऊ?”

“मीच देतो.”

“कार्डवाल्यांपैकी कोणी पोटाची तक्रार केली?”

“एकानंबी नाई.”

“तोंड सुकल्याची?”

“नाई.”

“मग बाहेरच्या कमळाचं काऊन सुकते?”

देवरावांचा हात बरणीवरच थांबला.

सत्यशीलाचा आवाज चढला नाही. “कागदाला एवढंच कळतं, की गोळी दिली. पोटात काय गेलं ते कळत नाही. खरी गोळी पोट बांधते, म्हणून चंद्रपुरात इसबगोल लागतं. तोंडही सुकवते. ठमाबाईच्या तोंडात खर्रा सुखानं घोळतो आहे. नवऱ्यानं एक गोळी चुकवली नाही. म्हणजे गोळीच ती नाही. तुम्ही त्या नवांना रंग जुळवून ताकदीची गोळी दिलीत. खरी गेली कार्ड नसलेल्यांना.”

देवराव स्टुलावर बसले. नाकारलं नाही. “कमळानं लेकरासकट डोहात उडी घेतली होती, बाई. हिचं नाव कोणत्या कागदात हाय? मले वाटलं, आरामशीनवाले रजेसाठी रडते.”

“ठमाबाईला कसली रजा, भाऊ?”

देवरावांनी गोळ्यांची वही तिच्यापुढे सरकवली. दवाखान्यासमोर गाडी लागण्याची वेळ झाली होती.

“कार्ड नसलेले किती बरे झाले?”

“नवातले सात.”

तिने अहवालाला जोडायला तिथेच लिहिलं: धानोऱ्यात गोळी हरली नाही, रोग्यांपर्यंत पोचलीच नाही. ज्यांना पोचली त्यांतले सात बरे आहेत, आणि त्यांचं नाव कोणत्याच दाव्यात नाही. खाली देवरावांनी सही केली.

“अन् कमळाची गोळी?” त्यांनी विचारलं.

“आजची द्या. पुढचं मी उद्या मोठ्या डॉक्टरांपुढे मांडते. तुमचं नावही सांगावं लागेल.”

देवरावांनी मान हलवली आणि आतल्या कपाटातून ठमाबाईसाठी खऱ्या गोळ्यांची बाटली काढून दिली.

बाहेर चंद्रपूरची गाडी भोंगा देत होती. ही चुकली की आता सकाळचीच. सत्यशीलाने बाटली पदराच्या टोकाला बांधली, गाठ एकदा ओढून पाहिली, आणि उन्हं कलायच्या आत ठमाबाईच्या घराची वाट धरली.