पारा आपोआप उतरत नाही

८४

फौजदारांनी सलिलच्या वस्तू टेबलावर मांडल्या. घड्याळ. भिजलेली वही. मनगटाला दोरीनं बांधलेला सापडला तो लांब थर्मामीटर.

नीरजानं तो उचलला. राजापूरच्या दवाखान्यात ती दहा वर्षं नर्स होती. थर्मामीटर हाती आला की मनगट झटका द्यायला आपोआप उठे. आताही उठलं.

थांबलं. पारा चौऱ्याऐंशी अंशांवर होता.

"तुमचा भाऊ देवीच्या गरम पाण्याच्या कुंडात सापडला," फौजदार म्हणाले. "पिऊन आंघोळीला उतरला असणार. तसंच लिहितोय."

"आईला हेच सांगू?"

नीरजाला रडू येत नव्हतं. "जागा दाखवता?" तिनं विचारलं.

५८

कुंडाची झाडलोट जनीकडे होती. ती काठावर बसून होती.

"मावशी, पाणी किती कढत असतं?"

"अंग भाजतं, बाय. पण तांदूळ नाय शिजत. वरच्या टाकीत शिजतो. सलिलभाऊनं फडक्यात बांधून शिजवून दाखवला. म्हणाला, ह्या पाण्यावर वीज करणार, धूर नाय न् काय नाय. मी म्हटलं, आधी तुझं लगीन कर!"

जनी हसली. मग तोंडाला पदर लावला.

नीरजानं सलिलच्या वीज-प्रकल्पाच्या ऑफिसातला दुसरा थर्मामीटर कुंडाच्या तळापर्यंत सोडला. अठ्ठावन्न.

टाकी दोनशे पावलं वर. बोअरचं पाणी तिथं उकळत्यासारखं पडे. शेजारी साइटची जीप उभी होती. चारही बाजूंनी कठडा. एका बाजूच्या खांबांखालचं सिमेंट ओलं होतं.

"कठडा नवा बसवला?"

"डागडुजी हो, ताई," साइटचे सुपरवायझर परशुराम म्हणाले. "उद्या प्रकल्प तपासायला मुंबईची कमिटी यायचीय."

३१

"फौजदारसाहेब, सलिलचा हा थर्मामीटर ताप बघायच्या थर्मामीटरसारखाच," नीरजा म्हणाली. दवाखान्यात औषध समजावताना असे, तसाच तिचा आवाज होता. "पारा चढतो, पण झटकल्याशिवाय उतरत नाही. कुंड अठ्ठावन्नच्या वर जात नाही. मग हा चौऱ्याऐंशी कुठून आणला? तेवढं पाणी फक्त ह्या टाकीत आहे."

"आधीच्या मोजणीचा आकडा असेल," परशुराम म्हणाले.

तिनं बरोबर आणलेली सलिलची वही उघडली. पेन्सिलीची अक्षरं पुसली नव्हती. प्रत्येक ओळीत दोन आकडे: झटकल्यावरचा आणि मोजल्यावरचा. शेवटच्या ओळीत कालची तारीख, संध्याकाळचे सहा, आणि एकच आकडा. एकतीस.

"झटकून झाला होता. मोजायला वाकला, तेव्हा ह्या बाजूला कठडा नव्हता. दोरी मनगटाला होती, म्हणून थर्मामीटर त्याच्याबरोबर टाकीत गेला, आणि त्याच्याबरोबरच खाली कुंडापर्यंत आला. जीपनं. जीपची चावी कुणाकडे असते, परशुरामभाऊ?"

परशुरामांचा हात खिशातल्या चावीवर गेला.

"पंप काढायला कठडा सोडवला होता मी," ते म्हणाले. "लावायचा राहिला. टाकीत माणूस गेला म्हटल्यावर कमिटीनं प्रकल्प बंदच केला असता. कुंडात काय, लोक पडतात. गेलाच होता हो तो."

"नाडी बघितलीत?"

परशुरामांनी चपलेनं ओल्या सिमेंटची कड घासली.

"परशुरामभाऊ. नाडी?"

"नाही."

फौजदारांनी आधीचा कागद फाडला आणि थर्मामीटर परत मागितला.

नीरजाचं मनगट पुन्हा उठलं होतं. दुसऱ्या हातानं तिनं ते घट्ट धरलं, आणि पारा होता तिथंच ठेवून थर्मामीटर त्यांच्या हातात दिला.