नळी काप, यास्ना

पटलं नाही तर सोडून द्या. पण त्या दुपारी बोटीवर मी होते, आणि जे घडलं तेच सांगतेय.

मी यास्ना. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट लिंकनमधली आमची क्रोएशियन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरच पोट भरतात. माझा नवरा विन्को अबलोनीचे शिंपले काढायला बुडी मारायचा. बोटीवरच्या कॉम्प्रेसरमधून लांब नळीने त्याला हवा जायची. नळी सांभाळायचं काम माझं. तीन झटके म्हणजे 'वर ओढ'.

जूनची थंडी होती. बोट कड्यांखाली उभी केली.

"नळीवर डुलक्या काढू नकोस," विन्को म्हणाला.

"काढेन की. तेवढाच वेळ तुझं घोरणं नसतं."

तो हसला आणि पाण्यात उतरला.

थोड्या वेळाने धुकं आलं. कडे दिसेनासे झाले. पक्षी गप्प झाले...

मागच्या शिडीवर ओली पावलं वाजली.

वळून पाहिलं. केबिनमध्ये विन्को बसला होता. पाठमोरा. अंगावरचा बुडी मारायचा काळा सूट निथळत होता.

"इतक्यात आलास? नळी कुठेय?"

"खालीच टाकली. मोठा शार्क आहे. नळी काप, बोट काढ."

आवाज त्याचाच.

मी सुरी घेतली. नळीवर टेकवली...

नळीला झटका बसला.

मग दुसरा.

मग तिसरा.

"खडकात अडकलीय ती. काप, यास्ना."

"माझ्याकडे बघ आधी."

तो वळला नाही.

"आधी काप."

मी सुरी फेकली आणि नळी ओढत सुटले. तळहात सोलून निघाले. शेवटी पाण्यावर डोकं आलं... विन्कोचं. ओठ निळे पडलेले.

त्याला कसाबसा वर घेतला. केबिनकडे पाहिलं.

आत कुणीच नव्हतं. बाकावरून पाणी ठिबकत होतं.

मी काही बोलायच्या आत विन्कोने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. नुसता बघत राहिला.

"तू इथेच होतीस?"

"मग कुठे जाणार?"

"खाली माझ्या शेजारी आली होतीस तू," तो म्हणाला. "तुला नळी नव्हती. मला तोंडातली नळी काढ म्हणून खुणावत होतीस..."

बोट विकली. आता आम्ही समुद्रापासून लांब, गव्हाच्या मुलखात राहतो.

तरी विन्कोने दुसऱ्या खोलीतून हाक मारली, तर मी ओ देत नाही. आधी जाऊन त्याचा चेहरा बघते.

तोही माझा बघतो.