चौथ्या मजल्यावरचं दार

शिरवण्यातल्या घराच्या ओट्यावर जेवणं झाल्यावर पोरं दत्तूकाकांभोवती बसली होती. काका पनवेलच्या कोर्टात बेलीफ होते, आता निवृत्त. पुतण्याने, तेजसने विचारलं, "काका, कुनी पाह्यलंच नाय तर खून सिद्ध कसा होतो?"

"परिस्थितीवरनं होतो. एकाला एक दुवा जुळला पायजे. एक तुटला का आरोपी घरी." काकांनी सुपारी तोंडात टाकली. "हौसेरावचंच सांगतो. वलकीचा मानूस. समन्स मीच दिलेला त्याला."

*

मार्गशीर्षातला बुधवार होता. हौसेराव नावड्याच्या कॉलनीत पाचव्या मजल्यावर राहायचा, तळोज्याच्या कारखान्यात कामाला. सोसायटीत पाणी रात्रीच यायचं आणि पंप लावायची प्रत्येकाची पाळी असे. त्या रात्री त्याची होती. साडेअकराला मुक्ता, त्याची बायको, अंथरुणातूनच म्हणाली, "पंप लावून या. आणि उद्या कोर्टात काय बोलणार, ते एकदा ठरवा बाई."

"ठरलंय. आठवत नाही म्हणायचं."

"पोलिसांना तर सांगितलं होतंत."

"तेव्हा सांगितलं. तू झोप."

दोन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्या वैष्णवीचा खून झाला होता. नवरा, भगवान, म्हणे संध्याकाळीच उरणला बहिणीकडे गेला होता. पण त्या रात्री हौसेराव कारखान्यातली दुसरी पाळी करून जिना चढत होता तेव्हा भगवान दाराला कुलूप लावताना त्याला दिसला. सरकारी वकीलबाई म्हणाल्या होत्या, "शर्टावरचं रक्त आहे, रोजची भांडणं आहेत. पण त्या रात्री तो इथे होता हे सांगणारे तुम्ही एकटेच. तुम्ही फिरलात की तो सुटला."

हौसेरावला ते कळत होतं. पण एक गोष्ट त्याने पोलिसांनाही सांगितली नव्हती, मुक्तालाही नाही. भगवान खाली गेल्यावर बंद दाराच्या आतून ठोकल्याचा आवाज आला होता. हळू... तीनदा. हौसेराव थांबला होता. नवराबायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं, असं म्हणून वर निघून गेला होता. आता साक्ष दिली तर आरोपीचा वकील विचारणारच, मग तुम्ही काय केलंत?

पंप लावून तो लिफ्टमध्ये शिरला. जुनी लिफ्ट, जाळीच्या दाराची. मोबाईल घरी चार्जिंगला होता. चौथ्या मजल्याच्या जरा खाली लिफ्ट थांबली.

त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. जाळी हलेना. मजल्याची फरशी त्याच्या छातीशी आलेली, आणि पलीकडे समोरच ते दार. कुलपावर कापड, कापडावर पोलिसांचं लाखेचं सील.

"ओ चंद्रशेखर!" त्याने त्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला हाक मारली. जाळीवर मूठ आपटली. कोणी उठलं नाही. पुन्हा आपटली. हात दुखले तसा थांबला.

तेव्हा समोरून ठोकल्याचा आवाज आला.

हळू... तीनदा.

त्याला वाटलं, आपलाच आवाज घुमला. त्याने जाळीवर एकदा ठोकलं आणि कान दिला.

समोरून तीनदा.

तो मागे सरकला. पाठ पत्र्याला लागली. आणखी मागे जायला जागा नव्हती. डोळे मिटले तर आवाज जवळ येई. उघडले तर दार. सील तसंच. फटीत अंधार.

त्याने कान झाकले.

ठोकणं पत्र्यातून पाठीत येत होतं.

"वहिनी..."

आवाज थांबला. कोणी ऐकत असावं, तसा.

"वहिनी, मी ऐकलं होतं."

समोरून काही आलं नाही. ती शांतता ठोकण्यापेक्षा वाईट होती. उजाडेपर्यंत तो जाळीवर मुठी आपटत राहिला.

*

"सकाळी लिफ्टवाल्याने काढला त्याला," काका म्हणाले. "मुठी सुजलेल्या. चंद्रशेखरवर वराडला, रातभर ठोकतोय, तुला ऐकू नाय आला? तो म्हनतो, आला ना. आमी सगलेच जागे होतो. पन आवाज लिफ्टमधनं नव्हता, त्या बंद फ्लॅटमधनं होता. कोन भायेर येनार?"



"मंग कोर्टात?" तेजसने विचारलं.

"बोलला. कुलूप लावताना पाह्यलं म्हनला. ठोकल्याचंबी बोलला. वकिलाने विचारलंच, मग तुमी काय केलं? हौसेराव म्हनला, वर गेलो. जेवलो. झोपलो."

"नि भगवान?"

"जन्मठेप."

काका आवाज खाली आणून म्हणाले, "निकालानंतर फ्लॅट वैष्णवीच्या आईबापाला द्यायचा होता. कोर्टाचा हुकूम घेऊन मीच गेलेलो, पोलीस बरोबर. सील साबूत. कुलूप काढला. पन दार उघडना. आतनं बोल्ट लावलेला."

"आतनं?"

"सुतार आनून दार कापला. आत कुनी नाय. खिडक्यांना गज. दोन वर्साची धूल, बोटभर... फरशीवर, भांड्यांवर, सगलीकडं."

काकांनी पोरांकडे पाहिलं.

"बोल्टावर नव्हती."