दोन उंचवटे आणि थांबा

कागद कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडण्याआधी ज्या टाकीत शुद्ध व्हायचं, तिथली उपकरणं ती सांभाळायची. पाण्यात बुडवलेला सेन्सर विरघळलेला प्राणवायू मोजायचा. तो कमी झाला की हवेचा पंप जोर धरायचा. घाण खाणारे जिवाणू त्या हवेवरच जगत. ते मेले, की नदीचं वाटोळं.

तिचा नवरा याच टाकीवर ऑपरेटर होता. झोपेतच गेला. सुट्टी संपवून ती कामावर आली तेव्हा त्याच्या जागी लागलेला धाकटा दीर स्क्रीनसमोर कपाळाला हात लावून बसला होता.

"वहिनी, हे बघा. आकडा सारखा वरखाली. याला दम लागलाय जणू! पंप जळेल अशानं."

स्क्रीनवरची रेषा उठत होती, बसत होती. तिनं सेन्सरच्या टोकावरचा पातळ पडदा बदलला, आतलं द्रावण बदललं, तारा तपासल्या. शेवटी सेन्सर स्वच्छ पाण्याच्या बादलीत सोडला. बादलीत ना जिवाणू, ना पंप.

रेषा तशीच. दोन उंचवटे, लांबलचक थांबा, मग तिसरा.

तिनं ती लय ओळखली. झोपेत दोन श्वास घेऊन नवराही असाच थांबायचा. मग ती कोपरानं ढोसायची, आणि तो तिसरा घ्यायचा. संसारभर हेच.

रेषा सपाट झाली. सपाटच राहिली.

तिनं नकळत टेबलाला कोपर मारलं.

रेषा उठली.

"दादा..." दीर पुटपुटला. लहानपणी तो दादाच्याच कुशीत झोपायचा.

"भाऊजी, जरा बाहेर थांबता?"

तो गेल्यावर तिनं बादलीत हात घातला. पाणी कोमट होतं.

"किती दमलायस रे," ती म्हणाली. "आता नाही ढोसणार मी. झोप निवांत."

दोन उंचवटे. मग थांबा. तिनं कोपर छातीशी घट्ट धरलं.

तिसरा आला नाही.

तिनं सेन्सर पुसून कोरडा केला, पारदर्शक टोपी लावली. टाकीत नवा सोडला. रेषा पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

"थांबलं?" दीरानं दारातून विचारलं.

"हो." तिनं टोपी लावलेला सेन्सर पिशवीत ठेवला. "जुना घरी नेते."

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं तो पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला. ना पाणी, ना वायर. कोरड्या टोपीवर आतून वाफ धरली होती.

वाफ बघता बघता विरली.

मग हळूच पुन्हा धरली.