तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

आखातातल्या त्या कॉलेजच्या कॅन्टीनमधला एसी असा काही सुटला होता, की जागृतीने ओढणी कानापर्यंत ओढून घेतली. तिच्या पुढे एक चिनी मुलगा रिकामा कप धरून उभा होता. त्याला नुसतं गरम पाणी हवं होतं. "मफी, गरम पाणी नाही," काउंटरवाला म्हणाला, "बर्फ हवा तर घे." मुलगा निमूट बाजूला झाला... आणि जागृतीचं डोकंच फिरलं. नाही म्हटलं की लगेच माघार? असा कसा हा?

तिने भांडून गरम पाणी मिळवलं, त्याला समोर बसवलं नि डबा उघडला.

"घे, वांग्याचं भरीत आहे."

"नको, थँक्यू."

"अरे, घे की."

"नको, खरंच."

"आता नको म्हणालास तर बघ —"

त्याने भाकरीचा केवढा तरी तुकडा मोडला. बिचारा सकाळपासून उपाशी होता.

हाओरान त्याचं नाव. मग रोजच तो डबा दोघांत संपू लागला. "आमच्याकडे पहिल्याच खेपेला हो म्हणणं बरं दिसत नाही," एकदा तो हळूच म्हणाला. "इथे सगळे एकदाच विचारतात. प्रोजेक्टला आमच्यात येतोस का, वर्गात काही बोलायचंय का... मी नको म्हणतो. खलास."

"आणि मी?"

"तू भांडतेस," म्हणत तो तिच्याकडे बघतच राहिला. जागृती उगीचच डब्याचं झाकण पुसू लागली.

वर्गात तोंड उघडत नाही म्हणून त्याचे मार्क गेले. मग एक दिवस म्हणाला, "मी परत चाललोय. कायमचा. शुक्रवारचं विमान आहे."

"थांब ना..."

"नको, जागृती."

ती तरातरा निघून आली.

शुक्रवार उजाडला तरी झिंजमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये तिचा जीव रमेना. गॅलरीत जा, आत ये, फोन उचल, ठेव... शेवटी आईने हटकलंच, "काय गं, पायाला भिंगरी लागलीय का?" जागृतीने सगळं सांगून टाकलं.

"थांब म्हणून किती वेळा म्हणालीस?"

"एकदाच."

"अगं वेडे, आपण तरी पाहुण्याचं पहिलं नको धरतो का?"

जुफैरला ती पोचली तेव्हा हाओरान आपल्या इमारतीखाली टॅक्सीचं दार उघडत होता.

"थांब," ती धापा टाकत म्हणाली.

"नको. मला बोलायला जमत नाही इथे."

"मी शिकवते. भांडायलासुद्धा." तिने टॅक्सीचं दार धरलं. "हाओरान, मला तू आवडतोस. फार आवडतोस. म्हणून थांब... हे तिसऱ्यांदा. चौथ्यांदा नाही विचारणार."

"यल्ला, भाई, चल लवकर," टॅक्सीवाला वैतागला. हाओरानने त्याची माफी मागितली आणि बॅग बाहेर काढली.

"थांबतो," तो म्हणाला. "तू निघून गेलीस त्या दिवसापासून वाट बघत होतो... पुन्हा विचारशील म्हणून."

टॅक्सी निघून गेली. मग त्यानेच धीर केला. "समुद्रावर जाऊ या? येतेस?"

इतकी धावतपळत आलेली जागृती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "नको."

त्याचा चेहरा पडला. पण क्षणभरच. मग तो हसला आणि त्याने पुन्हा विचारलं.